दोन घरांची एक वही

प्रस्तावना

दोनशे पानी वही आहे. निळा पुठ्ठा, कोपरे दुमडलेले, मधल्या काही पानांवर वरणाचे डाग. कुठलंही पान उघडलं की निळ्या शाईतली एक नोंद दिसते:

"शनिवार. पारोळ्याला चार वाजता घेतला. गाडीत झोपला. फिटची गोळी साडेआठला दिली. शेजारी हळदीचा डीजे होता, तासभर कान झाकून बसला. बट्टी कुस्करून दिली तर खातो, अख्खी दिली तर फेकतो."

तिच्याखाली काळ्या शाईत:

"सोमवार. शाळेत गेला. गोळी वेळेवर. नखं वाढलीत, जागेपणी कापू देत नाही. पुढच्या वेळी तुम्ही झोपेत कापून घ्या."

निळी शाई बापाची, काळी आईची. तो धुळ्याला असतो, ती जळगावला माहेरी. मुलगा अकरा वर्षांचा, स्वमग्न. बोलत नाही, जोडीला फिटचा त्रास. घटस्फोटाला चार वर्षं झाली. दोघं एकमेकांचा फोन घेत नाहीत. तिच्या अक्षरात अजून 'तुम्ही' आहे. त्याच्या अक्षरात तिला उद्देशून ना 'तू' सापडतो ना 'तुम्ही'. नुसत्या क्रियापदांवर त्याने भागवलंय. वही मात्र दर पंधरा दिवसांनी मुलाच्या दप्तरातून नव्वद किलोमीटर जाते आणि परत येते. (ओळख लागू नये म्हणून काही खुणा मी बदलल्या आहेत.)

वही सुरू कशी झाली तेही सांगतो. घटस्फोटानंतर मुलगा पहिल्यांदा बापाकडे राहायला गेला त्याच रात्री त्याला फिट आली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळी कोणती, किती मिलिग्रॅमची, शेवटची कधी दिली? बापाला सांगता आलं एवढंच: "पांढरी गोळी आहे, अर्धी देतात." फाईल जळगावला. तिला फोन लावला, तिने सवयीने कापला. शेवटी मुलाच्या मामाला लावला, मामाने गोळीच्या पाकिटाचा फोटो पाठवला, मग उपचार पुढे सरकले. पुढच्या भेटीला दप्तरात वही आली. कोणी आदेश दिला नव्हता, कोणी समुपदेशन केलं नव्हतं.

वकिली करताना घटस्फोटाचे बरेच कागद हातून गेले. दावे, कैफियती, पुरसिस, तडजोडीचे मसुदे. या वहीइतका कामाचा कागद त्यांत मला दिसला नाही. ही पुस्तिका त्या वहीवरून सुचली. ज्यांचं लग्न मोडलंय किंवा मोडायच्या बेतात आहे, आणि ज्यांच्या मुलाला आयुष्यभर किंवा बराच काळ कुणाचा तरी हात धरावा लागणार आहे, अशा आईबापांसाठी ती आहे.

आपल्याकडे या विषयाची सुरुवात ज्या शब्दाने होते, तिथपासूनच अडचण आहे. तो शब्द म्हणजे ताबा. खानदेशात हा शब्द शेताचा, घराचा, गाळ्याचा. भावाभावांत केळीच्या बागेवरून जुंपते तेव्हाही ताबाच विचारतात. कोर्टाच्या मराठीत मुलाचाही ताबाच. रोझी जेकब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच बजावलं की मुलं म्हणजे आईबापांची मालमत्ता नाही. शब्द मात्र हटला नाही, आणि शब्दासोबत येणारी वृत्तीही. शेताचा ताबा एकाकडे गेला की दुसरा बांधाबाहेर. मुलाच्या बाबतीतही लोक तेच गृहीत धरतात: ताबा आईकडे गेला, आता बापाचं काय काम?

कायदा तसं म्हणत नाही. १८९० चा पालक व पाल्य कायदा असो की १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, दोन्हींत शेवटची कसोटी मुलाच्या हिताची आहे. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहावं, असं १९५६ चा कायदा सांगतो. मोठ्या, समजत्या मुलाची इच्छा न्यायालय विचारात घेऊ शकतं. आईबापांना मिळून पालकत्व द्यावं अशी शिफारस विधी आयोगाने मे २०१५ मधल्या २५७ व्या अहवालात केली. मुलाला दोन्ही पालकांच्या मायेचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या एका निकालात म्हटलं.

एवढं सगळं असूनही आपल्या मुलाला हा अंगरखा बसत नाही, कारण कायद्याने कल्पलेलं मूल वाढतं. पाचाचं होतं, दहाचं होतं, न्यायाधीशांनी विचारलं तर बोलतं, अठराव्या वर्षी सुटतं. जे बोलतच नाही त्याला न्यायाधीश काय विचारणार? आणि जे अठराव्या वर्षीही शर्टाची बटणं लावू शकत नाही, त्याच्यासाठी अठरा या आकड्याला काय अर्थ? या पुस्तिकेत सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे. लग्न एका तारखेला संपतं, हुकूमनाम्यावर ती तारीख असते. अशा मुलाच्या पालकपणाला तारीख नसते. म्हणून भांडण ताब्याचं न करता दिवसाच्या चोवीस तासांचं आणि अठरानंतरच्या वर्षांचं नियोजन आधी करायला हवं.

हे नियोजन होत नाही, कारण सगळी ताकद आधीच दोषारोपात संपलेली असते. निदान झालं की पहिला प्रश्न येतो, "तुमच्या घराण्यात कोणी होतं का?" तो बहुधा सुनेच्या माहेरच्यांना विचारला जातो. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत असते आणि बहुसंख्य मुलांत ती निव्वळ योगायोगाने आलेली असते. सेरेब्रल पाल्सीत बाळाच्या वाढत्या मेंदूला जन्माच्या आधी, जन्मताना किंवा लगेच नंतर इजा झालेली असते. स्वमग्नतेचं वर्णन लिओ कॅनरने १९४३ मध्ये केलं. त्यानंतर काही दशकं पाश्चात्त्य डॉक्टरही आईच्या थंडपणाला दोष देत होते. पुढे शास्त्राने ते मोडीत काढलं. आपल्या ओट्यावर अजून निघालेलं नाही.

'अशा मुलांच्या आईबापांत ऐंशी टक्के घटस्फोट होतात' असा एक आकडा भाषणांत फिरतो. त्याला आधार नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी २०१० मध्ये ३९१ स्वमग्न मुलांच्या कुटुंबांची तुलना इतर कुटुंबांशी केली. घटस्फोटाचं प्रमाण एकीकडे सुमारे २४ टक्के, दुसरीकडे १४ टक्के निघालं. म्हणजे तीन चतुर्थांश जोडपी टिकलीच. त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त विचार करायला लावते: इतर घरांत मूल आठेक वर्षांचं झाल्यावर धोका उतरत गेला, या घरांत मूल मोठं होईपर्यंत तसाच राहिला. थकवा साचत जातो, हे त्याचं सरळ कारण असावं.

आपल्याकडचं चित्र या आकड्यांत मावत नाही, कारण इथे घर मोडतं पण घटस्फोट होत नाही. ती माहेरी बसते. 'नांदत नाही' म्हणतात, 'टाकली' म्हणतात. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटितांपेक्षा विभक्त राहणाऱ्यांची संख्या अडीच पटींहून अधिक भरली. संगमनेरच्या निशा शिवूरकर यांनी 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' या पुस्तकात या बायांची कैफियत मांडली आहे. टाकलेलीच्या पदरात विशेष मूल असेल तर तिचं काय होतं, हा त्याच कहाणीचा पुढचा अध्याय. आखाजीला सगळ्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, चार दिवसांनी सासरी जातात. ही मागे राहते. भावजय काही बोलत नाही, पण आई गेल्यावर बोलेल हे हिला ठाऊक असतं.

आणि फारकत झालीच तर ती पुष्कळदा कोर्टात होत नाही. चार नातलग, एक स्टॅम्प पेपर, नोटरीचा शिक्का. मी पाहिलेल्या अशा एका फारकतनाम्यात दोन मुलांची वाटणी होती. धाकटा, शाळेत पहिला येणारा, बापाकडे. थोरला, सेरेब्रल पाल्सीचा, आईकडे. "त्याच्या खर्चाशी लिहून देणाराचा यापुढे काही संबंध राहणार नाही" या वाक्यासह. मुलाची आजी, बापाची आई, त्या बैठकीत बसून होती. सह्या झाल्यावर ती म्हणाली, "फारकत तुमनी व्हयनी, पोऱ्यानी नही." ती अंगठा लावणारी बाई होती. कायदा तिलाच बरोबर कळला होता.

कारण असं वाक्य लिहून दिल्याने बापाची जबाबदारी संपत नाही. मुलाचा पोटगीचा हक्क मुलाचा असतो, आईला तो सोडून देता येत नाही. जातीची रूढी कोर्टात सिद्ध करता आली तरच हिंदू विवाह कायदा अशी फारकत मानतो, नाहीतर त्या स्टॅम्प पेपराने लग्नही मोडत नाही. सातपुड्याच्या कुशीतल्या पावरा-भिल्ल कुटुंबांना तो कायदा मुळात लागू नाही, त्यांचं काम रूढीनेच चालतं. धुळ्याच्या यंत्रमागावर राबणाऱ्या मुस्लिम घरांचा कायदा आणखी वेगळा. पण पोटगीचं एक कलम सगळ्यांच्या मुलांना सारखं आहे: पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. शारीरिक किंवा मानसिक कारणाने स्वतःचं पोट भरू न शकणारं अपत्य सज्ञान झालं तरी पोटगी मागू शकतं, हे त्यात स्पष्ट आहे. हे एक वाक्य माहीत नसल्याने कितीतरी आयांनी अठराव्या वाढदिवसानंतर मागणंच सोडलंय.

पोटगी किती, याचा हिशेबही वेगळा असतो. रजनेश विरुद्ध नेहा हे प्रकरण महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २०२० च्या त्या निकालाने दोन्ही पक्षांना उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र देणं भाग पाडलं, आणि मुलाचं गंभीर अपंगत्व व त्याचा सततचा खर्च पोटगी ठरवताना धरावा असं नमूद केलं. म्हणून अर्जात 'मुलाचा खर्च दरमहा इतका' असं एका ओळीत उरकू नका. डायपर, गोळ्या, वाचा-उपचार, रिक्षा, मोडलेले चष्मे, आणि आईला नोकरी करता येत नाही त्याची किंमत, हे ओळीओळीने मांडा. पुस्तिकेच्या तिसऱ्या भागात त्याचा तक्ता दिला आहे.

भेटीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे होतं. एका न्यायालयात मी पाहिलेला प्रसंग. भेटीची खोली, तीत पाच-सहा कुटुंबं, पंखा खडखडतोय, कोणाचं तरी बाळ रडतंय. एका स्वमग्न मुलीला तिच्या बापासमोर आणून उभं केलं. तिने कान झाकले, भिंतीकडे तोंड केलं, तासभर तशीच. आईकडचे म्हणाले, ओळखतही नाही बापाला. बापाकडचे म्हणाले, शिकवून आणलंय. दोन्ही म्हणणी कागदावर गेली. तिला त्रास पंख्याचा होता, हे कुठल्याच कागदावर गेलं नाही. नंतर बाप तिला जवळच्या बागेतल्या ठरलेल्या झोक्यावर, ठरलेल्या वेळी भेटू लागला. तिसऱ्या भेटीत तिने त्याचा हात धरून झोक्याकडे ओढला.

सुट्ट्यांचंही तसंच. 'दिवाळी व उन्हाळ्याची सुटी निम्मी-निम्मी' हे हुकमातलं ठरलेलं वाक्य आहे. ज्या मुलाचा दिवस ताट, पाट, रस्ता आणि उशी यांच्या ठरावीक क्रमाने चालतो, त्याला एकदम पंधरा दिवस दुसऱ्या घरी नेलं तर वर्षभरात लागलेली संडासची सवय मोडते. मग आई म्हणते, तिकडे गेला की बिघडतो. त्यापेक्षा आधी दोन तास, मग एक दिवस, मग एक रात्र. उशी आणि चादर सोबत. दोन्ही घरांत जेवणाची वेळ एक, रागावण्याची रीत एक. आणि पालकत्वाच्या आराखड्यात दिवाळीसोबत आपले दिवसही लिहावेत: आखाजी कोणाकडे, कानबाईच्या रोटांना मूल कुठे, लग्नसराईत डीजेच्या रात्री त्याला शांत घर कोण देणार.

आता अठराव्या वर्षाबद्दल. मूल सज्ञान झालं की आईबाप कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. बँकेत खातं, शस्त्रक्रियेची संमती, वारसाहक्काच्या जमिनीचा व्यवहार, सगळीकडे हा प्रश्न उभा राहतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. आईबापांनी मिळून अर्ज करावा अशी अपेक्षा आहे. मृत्यू, घटस्फोट, कायदेशीर विभक्तपणा किंवा परित्याग असेल तर एकट्यालाही करता येतो. ही सोय गरजेची आहे. पण घटस्फोट झाला म्हणून दुसऱ्याने या दारातून कायमचं बाहेर पडावं, असा तिचा अर्थ नाही. मुलाची सही जिथे चालत नाही तिथे आईबापांपैकी जितके हात असतील तितके हवेत.

हा प्रश्न किती टोकाला जाऊ शकतो ते मार्च २०२५ मध्ये दिसलं. अमेरिकेत जन्मलेला बावीस वर्षांचा तरुण, समज आठ-दहा वर्षांच्या मुलाएवढी, आईबाप विभक्त. बापाने त्याला चेन्नईत ठेवून घेतलं. तो वयाने सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने राहतोय, असं म्हणणं पुढे आलं. सर्वोच्च न्यायालयाने बंगळुरूच्या निम्हान्सकडून त्याची तपासणी करवून घेतली, एवढा मोठा निर्णय तो स्वतः घेऊ शकत नाही हे मान्य केलं आणि त्याला आईसोबत अमेरिकेला परत जाऊ दिलं. तिकडे त्याचा भाऊ होता, ओळखीचा दिनक्रम होता. वय कागदावर मोजू नका, हा त्या निकालाचा आपल्यासाठी धडा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं नववं कलमही दोन्ही घरांनी वाचायला हवं. केवळ अपंगत्वाच्या कारणाने मुलाला आईबापांपासून वेगळं करता येत नाही. करायचं तर सक्षम न्यायालयाने, मुलाच्या हितासाठी. आईबाप सांभाळू शकत नसतील तर आधी जवळचे नातलग, मग समाजातलं कुटुंबासारखं घर, आणि अगदी अपवाद म्हणून निवारागृह. 'कुठेतरी संस्थेत टाका' हा सल्ला बैठकीत सर्वांत आधी येतो. कायद्यात तो सर्वांत शेवटी आहे.

संस्थांबद्दल वास्तव लपवण्यात अर्थ नाही. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या 'मनोबल' प्रकल्पात दिव्यांग तरुण स्पर्धा परीक्षांची तयारी करतात, त्याचा जिल्ह्याला अभिमान आहे आणि असावाच. पण ज्या मुलाला कुठलीच परीक्षा द्यायची नाही, त्याचं कौतुक करायला मंच नसतो. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मुंबई गाठावी लागत नाही. नियमित वाचा-उपचार आणि व्यवसायोपचार मात्र तालुक्याच्या गावी दुर्मीळ. नाशिक, पुणे, नाहीतर वांद्र्याची अली यावर जंग संस्था. म्हणजे रजा, रात्रीची गाडी आणि सोबत दुसरं माणूस. नवरा-बायको म्हणून एकत्र राहणं जमलं नाही, तरी ही फेरी आळीपाळीने वाटून घेणं जमू शकतं. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेने आपल्या प्रौढ मुलांसाठी 'घरकुल' उभं केलं, तेही पालकांनीच एकत्र येऊन. 'आमच्यानंतर कोण' याचं उत्तर एकट्या आईला उभं करता येत नाही.

एक इशारा. दोघांनी मिळून सांभाळा, हा सल्ला सरसकट नाही. जिथे मारहाण आहे, दारूच्या भरात मुलावर हात उगारला जातो, मूल ओलीस धरून बाईला परत बोलावलं जातं, तिथे आधी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कायदा, संरक्षण आदेश आणि देखरेखीखालची भेट. वहीचा विचार त्यानंतर, किंवा कधीच नाही. पुस्तिकेचा दुसरा भाग यावरच आहे आणि गरज असेल त्याने तिथूनच सुरुवात करावी.

बाकीच्यांनी क्रमाने वाचावं. पहिल्या भागात निदान आणि दोषारोप, तिसऱ्यात पैसा, चौथ्यात भेटी आणि दिनक्रम, पाचव्यात अठरानंतर. सरकारी नोकरीतल्या पालकांनी पाचवा भाग चुकवू नये: अपंग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं, पण त्याचं नाव आणि प्रमाणपत्र सेवेच्या कागदांत वेळेत लागायला हवं, घटस्फोट झालेला असो वा नसो. शेवटी काही पानं कोरी सोडली आहेत, रकाने आखून: वार, गोळी, जेवण, झोप, संडास, कशाने चिडला, कशाने शांत झाला.

ज्या आईबापांनी आपली वही मला वाचू दिली त्यांचे आभार मानले तर त्यांना अवघडल्यासारखं होईल. दोघांनी वेगवेगळे फोन करून एकच अट घातली होती, मुलाचं नाव येऊ द्यायचं नाही. ती पाळली आहे.

वाचणाऱ्याला एकच विनंती. पुढचं पान उलटण्याआधी उठा, मुलाची फाईल काढा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, शेवटचं प्रिस्क्रिप्शन, रक्तगट. चौकातल्या दुकानात जाऊन सगळ्याची एकेक झेरॉक्स काढा आणि दुसऱ्या घरी पाठवा. सोबत चिठ्ठी नसली तरी चालेल.